बायपास फिल्टरची ऑइल लाइन: कोणती नळी, किती बोर, आणि ओरिफिस नेमके कुठे?

टिपर_सहासिलिंडर (धागाकर्ता)

गाडी टिपर, इंजिन टाटा-कमिन्स ६बीटी ५.९, टर्बो. चेंबरमध्ये (इंजिनाखालच्या तेलाच्या टाकीत) साधारण १५ लिटर तेल. मूळ फुल-फ्लो फिल्टर (सगळे तेल गाळणारा) तसाच ठेवून शेजारी बायपास फिल्टर (थोडे थोडे तेल घेऊन जास्त बारीक गाळणारा) बसवायचा आहे. फिल्टरचे डोके चॅसीच्या आतल्या अंगाला लागेल. सप्लाय लाइन १.८ मीटर आणि रिटर्न १.५ मीटर भरते. बाजारात सहज मिळणारे पर्याय असे:

- ८ मिमीची निळी पीयू एअर नळी, पुश फिटिंगसह
- ब्रेकच्या हवेची काळी नायलॉन नळी
- ८ मिमी तांब्याची नळी
- १/४ इंची हायड्रॉलिक होज (आर१), दोन्ही टोकांना फिटिंग क्रिम्प करून (मशीनने दाबून)
- स्टेनलेस जाळीची टेफ्लॉन होज

तेलाचा दाब जेमतेम ४-५ बार. एअर नळीवर १० बार छापलेले असते, मग ती का चालू नये, असे दोन ठिकाणी ऐकले. नळी, बोर (आतला व्यास), फिटिंग आणि रिटर्न कुठे सोडायचा, या चारही गोष्टींवर जाणकारांनी नीट लिहावे.

---

होजबेंच

एअर नळीवरचे १० बार २०-२५ अंश तापमानाला मोजलेले असतात. पीयू ६० अंशांनंतर मऊ पडू लागते आणि ८० च्या पुढे तिच्यावर भरवसा ठेवता येत नाही. भरल्या टिपरचे तेल घाटात ११०-१२० अंशांपर्यंत जाते. त्या तापमानाला नळी फुगते, पुश फिटिंगच्या आतले दात तिच्यात रुततात आणि ती फिटिंगमधून निसटते. म्हणून ऑइल लाइन निवडताना आधी तापमान बघायचे, दाब नंतर. इथे लागणारा दाब कुठलीही हायड्रॉलिक होज सहज झेलते.

तुमची यादी त्याच क्रमाने घेतो.

पीयू: बाद.

ब्रेकची नायलॉन: हवेसाठी उत्तम, पण ती साधारण १०० अंशांपर्यंतचीच. गरम तेलात कडक होते आणि थरथरीने फिटिंगच्या तोंडाशी तडकते. बाद.

तांबे: नळी अॅनील केलेली मऊ असली तरी इंजिनाच्या कंपनाने काही काळात कडक होते आणि फ्लेअरच्या (नळीच्या पसरवलेल्या तोंडाच्या) मागच्या गळ्याशी गोल तडा जातो. शिवाय गरम तेलात तांबे ऑक्सिडेशनचा वेग वाढवते. तेल जास्त टिकावे म्हणून लावलेल्या फिल्टरला तांब्याची लाइन जोडणे उलटेच झाले.

आर१ (एका तारजाळीची, ईएन ८५३ १एसएन): १/४ इंचीला २२५ बार चालतो. आतला थर नायट्राइल रबराचा, छापील मर्यादा बहुतेकदा १०० अंश. चालते, पण तापमानाच्या काठावर.

आर५ (तुमच्या यादीत नाही): कापडी आवरणाची तारजाळी होज. हिच्या काही जाती १५० अंशांच्या असतात, ट्रकच्या इंजिनावर त्या छान बसतात. घेताना छापलेले तापमान वाचून घ्या. सगळ्या आर५ त्या दर्जाच्या नसतात.

आर१४ (टेफ्लॉन, वर स्टेनलेस जाळी): २०० अंशांच्या पुढे, तेलाचा काहीही परिणाम नाही, वयाने कडक होत नाही. दोष दोन. एकदा मुडपली की ती नळी गेलीच, आणि जाळी ज्याला घासेल ते कापत जाते.

आणखी दोन होज यादीत नाहीत, पण दुकानात हमखास पुढे केल्या जातात. रेडिएटरची ईपीडीएम होज तेलाने फुगते. साधी सिलिकॉन होज गरम इंजिन तेलाला टिकत नाही, आतून फ्लोरोसिलिकॉनचा थर असेल तरच ती वेगळी गोष्ट.

---

गॅलरीप्लग

होजबेंच यांच्याशी सहमत. पण या जोडणीत नळीच्या जातीइतकेच महत्त्व ओरिफिसच्या जागेला आहे, आणि किटच्या कागदात नेमके तेच दुर्लक्षित असते.

बायपास फिल्टरला थोडेच तेल द्यायचे असते, म्हणून वाटेत बारीक छिद्र ठेवतात, तेच ओरिफिस. बऱ्याच फिल्टरमध्ये ते फिल्टरच्या डोक्यात असते. म्हणजे इंजिनापासून फिल्टरपर्यंतची सगळी होज पूर्ण गॅलरीला (इंजिनातल्या दाबाच्या तेलाच्या मुख्य वाटेला) उघडी. ती होज तुटली तर काय होईल याचा ४ बार आणि गरम तेल धरून ढोबळ हिशेब:

- १ मिमी छिद्र: मिनिटाला सुमारे १ लिटर
- १.५ मिमी: सुमारे २ लिटर
- २ मिमी: सुमारे ४ लिटर
- ५ मिमी, म्हणजे १/८ इंची फिटिंगचा मोकळा बोर: सुमारे २४ लिटर

२४ लिटरने १५ लिटरचे चेंबर पाऊण मिनिटही पुरत नाही, आणि त्याआधीच मेन बेअरिंगचा दाब पडलेला असतो. तेच १.५ मिमीचे छिद्र इंजिनाच्या टोकाला, होज सुरू होण्याआधी असेल तर मिनिटाला २ लिटर जातील. ड्रायव्हरला गाडी कडेला घ्यायला काही मिनिटे मिळतात.

एक गोष्ट मात्र ड्रायव्हरला स्पष्ट सांगून ठेवा. छिद्र इंजिनाशी असले की होज तुटल्यावर प्रेशरचा दिवा लगेच लागत नाही. २ लिटरच्या गळतीने गॅलरीचा दाब पडत नाही, आणि दिवा लागतो तेव्हा चेंबर जवळजवळ रिकामे झालेले असते. म्हणून तेलाचा वास, धूर किंवा गाडीखाली धार दिसली की लगेच इंजिन बंद करायचे, दिव्याची वाट बघायची नाही.

करायचे असे. स्टीलचा अडॅप्टर घ्या, बोर ५ मिमी. एम६ च्या टॅपला ५ मिमीचेच भोक लागते, त्यामुळे थेट आटे पाडता येतात. आटे अडॅप्टरच्या षटकोनी अंगात, होजच्या बाजूने पाडा, १/८ च्या बारीक शेपटीत नाही. तिथे भिंत फार पातळ उरते. एम६ चा पितळी ग्रब स्क्रू (डोके नसलेला स्क्रू) घेऊन त्याला १.५ मिमीचे आरपार भोक पाडा. काळा कडक ग्रब स्क्रू साध्या ड्रिलला दाद देत नाही. थ्रेडलॉकर लावून बसवा. समजा तो ढिला झालाच, तरी तेल त्याला होजकडे ढकलते, इंजिनाकडे नाही.

फिल्टरच्या डोक्यातही छिद्र असेल तर दोन्ही एकामागोमाग येतात. दोन्ही सारखी असली तर प्रवाह साधारण सत्तर टक्क्यांवर येतो. तेवढे चालते. १५ लिटरला मिनिटाला दीड लिटर म्हटले तरी दहा मिनिटांत चेंबरभर तेल फिल्टरमधून जाते. छिद्र मोठे करायचा मोह टाळा, गरम आयडलला गॅलरीत एखादाच बार उरतो आणि त्यावर पहिला हक्क बेअरिंगचा आहे.

---

टिपर_सहासिलिंडर

छिद्राचा मुद्दा लक्षात आला, अडॅप्टर तसाच बनवून घेतो. आता बोर. तेल मिनिटाला दोनच लिटर जायचे असेल तर सप्लाय बारीक घेतली तर चालेल का? दुकानदार 'डॅश ४' आणि 'डॅश ६' म्हणतो, पण आर१ आणि टेफ्लॉनच्या डॅश ४ चे बोर मोजले तर वेगवेगळे भरतात.

---

होजबेंच

बरोबर मोजलेत, ते वेगळेच असतात. आर१ मध्ये डॅश आकडा म्हणजे आतला बोर: डॅश ४ चा ६.३ मिमी, डॅश ६ चा ९.५ मिमी. आर५ आणि आर१४ मध्ये तोच आकडा जुन्या धातूच्या नळीच्या बाहेरच्या मापावर बेतलेला आहे, म्हणून डॅश ४ चा बोर ४.८ आणि डॅश ६ चा ८ मिमी. फोनवर ऑर्डर देताना नुसता डॅश सांगू नका, बोर मिलिमीटरमध्ये सांगा.

१५डब्ल्यू-४० तेल, १०० अंश, २ मीटर लांबी, मिनिटाला २ लिटर धरून लाइनमध्ये जाणारा दाब:

४.८ मिमी: ०.६ बार
६.३ मिमी: ०.२ बार
८ मिमी: ०.०८ बार

तेल ४० अंशांवर असताना जाडी जवळजवळ आठपट असते, त्यामुळे पहाटे पहिल्या काही मिनिटांत ४.८ मिमीतून तेल पुढे सरकतच नाही म्हणा ना. सप्लायला ६.३ पुरेसा, ८ उत्तम. त्याहून जाड घेऊन काही मिळत नाही. नळी जड होते आणि वळणाला जागा जास्त लागते.

कमीत कमी वळण-त्रिज्या: आर१ ६.३ मिमीला १०० मिमी, आर१४ ८ मिमीलाही साधारण तेवढीच. टिपरच्या इंजिनाशेजारी १०० मिमीची गोलाई मिळत नसेल तर होज दाबून वळवू नका, ४५ किंवा ९० अंशांचे फिटिंग लावा.

---

पाना_सतरा

आट्यांबद्दल कोणीच लिहिले नाही, आणि निम्मी गळती तिथूनच सुरू होते.

सप्लाय प्रेशर स्विचच्या जागेवरून घेताना तिथे १/८ आहे असे नुसते ऐकून फिटिंग आणू नका. १/८ बीएसपीटीला (ब्रिटिश निमुळता आटा) इंचाला २८ आटे, कोन ५५ अंश. १/८ एनपीटीला (अमेरिकन निमुळता आटा) २७ आटे, कोन ६०. दोन्ही एकमेकांत दोन-तीन फेरे गुण्यागोविंदाने जातात आणि मग अडतात. 'घट्ट बसले' असे वाटते, पण ते आटे चिरडून बसलेले असते. काही इंजिनांवर तिथे एम१० बाय १ किंवा एम१२ बाय १.५ ही निघतो. काढलेला प्लग खिशात घालून दुकानात जा आणि थ्रेड गेजने मोजून घ्या.

होजच्या टोकालाही तेच, फिटिंगच्या प्रत्येक जातीचा बसण्याचा कोन वेगळा. जेआयसीचा कोन ३७ अंश, एसएई फ्लेअरचा ४५, डिनचा २४, बीएसपीचा ६०. जेआयसी डॅश ४ आणि १/४ एसएई फ्लेअर या दोघांचा आटा ७/१६-२० हा एकच! नट सुरेख बसतो, कोन जुळत नाही, आणि इंजिन गरम झाले की पाझर सुरू. शक्य असेल तर पूर्ण लाइन एकाच जातीत ठेवा. जेआयसी ३७ अंश इथे सगळ्यात सोयीचे.

टेफ्लॉन टेप या लाइनवर अजिबात नको. तिचा एक धागा सुटला की १.५ मिमीचे छिद्र बंद, आणि फिल्टर महिनोन्महिने शोभेला लटकलेला. निमुळत्या आट्यांना पहिले दोन आटे कोरडे सोडून अॅनारोबिक सीलंट लावा. जेआयसीच्या कोनाला काहीच लावायचे नाही, थेंबभर तेल पुरे.

आणखी एक. प्रेशर स्विच, गेजचा सेंडर (दाब मोजून गेजला कळवणारा भाग) आणि बायपासची होज असे सगळे पितळी टीवर (तीन तोंडांच्या जोडावर) टांगून तो टी १/८ च्या एका आट्यावर उभा करतात. सेंडरचे वजन थरथरत राहते आणि टीची शेपटी तुटते. तिथे ओरिफिसही वाचवत नाही, कारण तुटते ते ओरिफिसच्या आधी. ब्लॉकवर दुसरा गॅलरी प्लग असेल तर बायपास तिथून घ्या. नसेल तर टी स्टीलचा घ्या आणि जड सेंडर वेगळ्या ब्रॅकेटवर हलवा. छिद्र टीच्या बायपासच्या फांदीत हवे, टीच्या तोंडात नको, नाहीतर गेज खोटे बोलेल.

टर्बोच्या सप्लाय लाइनमधून बायपासला तेल काढणे तर कधीच नको.

---

साखरपट्टा_डिझेल

मी आर१ च्या बाजूने बोलतो. टेफ्लॉन होज चांगली, यात वाद नाही. पण ती बनवणारा प्रत्येक तालुक्याच्या गावी नसतो, आणि टेफ्लॉनला रबरी होजचे फिटिंग चालत नाही. तिचे ओलिव्ह (आतली दाबकडी) आणि सॉकेट वेगळे. चुकीचे फिटिंग क्रिम्प केले तर टेबलावर टिकते आणि गरम झाल्यावर सरकते. ऊसतोडीच्या हंगामात ट्रॅक्टर उभा राहिला की होजसाठी जिल्ह्याला जाणे परवडत नाही. आर१ होज हायड्रॉलिकवाला कुठेही अर्ध्या तासात क्रिम्प करून देतो. एक्झॉस्टपासून लांब नेली आणि दोन वर्षांनी न विसरता बदलली तर ती पुरते. होजवर तिमाही आणि वर्ष छापलेले असते. विकत घेतानाच बघा, दुकानात तीन वर्षे पडलेली होज नवी नसते.

---

होजबेंच

साखरपट्टा यांचा मुद्दा ट्रॅक्टरपुरता मान्य. तिथे बॉनेटखाली हवा खेळती असते. टिपरमध्ये केबिनखाली कोंडलेली उष्णता, शेजारी टर्बो, आणि आतून ११० अंशांचे तेल. १०० अंशांची होज तिथे आतून कडक होते आणि बाहेरून धडधाकट दिसते. वाकवल्यावर कडकड आवाज आला किंवा क्रिम्पच्या कडेला बारीक भेगा दिसल्या तर दोन वर्षांची वाट बघू नका. या गाडीला माझे मत: सप्लाय आर१४, बोर ८ मिमी, किंवा १५० अंशांची आर५. रिटर्नवर दाब नसल्यासारखाच असतो, तिथे ऑटो ट्रान्समिशन कूलरची १५० अंशांची होज (एसएई जे१५३२) बार्ब (खाचांचे टोक, ज्यावर होज ढकलतात) आणि चांगल्या क्लिपने चालेल.

बार्बवर ढकलून बसवायची 'पुश-ऑन' होज वेगळी असते, तिच्यावर वर्म क्लिप आवळू नका. ती बार्बच्या धारेवर दाबली जाऊन आतून कापली जाते. ती होजही बहुतेकदा १०० अंशांचीच.

---

दर्यावर्दी

ट्रॉलरच्या इंजिनासाठी थोडी भर. कोकणात बोटीवर अजून तांब्याच्या लाइनचीच सवय आहे, वर लिहिलेल्या कारणांसाठी ती सोडा. इंजिन थेट बेडवर घट्ट बोल्ट केलेले असेल आणि फिल्टरही त्याच बेडवर असेल तर ८ बाय १ मिमीची सीमलेस स्टीलची नळी, कटिंग रिंग फिटिंगसह, कुठल्याही होजपेक्षा जास्त टिकते. बोर ६ मिमी मिळतो. इंजिन रबरी माउंटिंगवर असेल तर मात्र निम्मी लाइन तरी होजची हवी, नाहीतर स्टीलही फिटिंगपाशी तडकते. टिपरमध्येही हेच: इंजिन हलते, चॅसी वेगळी हलते, त्यामुळे पूर्ण स्टील लाइन नको.

खाऱ्या हवेत झिंक चढवलेली फेरूल (क्रिम्पची बाहेरची टोपी) एका हंगामात गंजते आणि गंज तारजाळीत शिरतो. बोटीला फिटिंग ३१६ स्टेनलेसची घ्या. एक्झॉस्टजवळून जाणाऱ्या होजवर काचतंतूची, बाहेरून सिलिकॉन चढवलेली फायर स्लीव्ह हवीच. समुद्रात आग लागली तर कडेला उभे राहायला जागा नसते.

---

टिपर_सहासिलिंडर

रिटर्नसाठी तीन जागा डोक्यात आहेत: ऑइल भरायचे झाकण, चेंबरचा ड्रेन प्लग, किंवा टर्बोच्या रिटर्न नळीला टी. तिसरी सगळ्यात जवळ पडते.

---

गॅलरीप्लग

तिसरी नको. टर्बोचे तेल फक्त उताराने खाली येते. त्या वाटेत बाहेरून तेल सोडले की टर्बोच्या बेअरिंग हाउसिंगमध्ये तेल तुंबते, सीलमधून बाहेर येते आणि निळा धूर सुरू होतो. मग लोक टर्बो बदलतात.

ड्रेन प्लगमधून रिटर्न काम करतो, पण तो चेंबरच्या सगळ्यात खालच्या जागी लटकतो. खाणीत चालणाऱ्या टिपरला एक दगड पुरतो, आणि तिथे तुटले तर सगळे तेल त्याच भोकातून जाते, कारण ते पातळीच्या खाली आहे. फिल्टर बदलताना होज सोडली तरी तेल उलटे येते.

झाकण ही या गाडीला चांगली जागा. झाकणावर बल्कहेड फिटिंग (पत्र्यातून आरपार जाणारे) आणि फिरता नट लावा. रोजच्या कामात झाकण उघडावे लागते, म्हणून होजला २००-२५० मिमी ढिलाई ठेवा. चेंबर कधी उतरवले गेलेच तर वरच्या बाजूला, तेलाच्या पातळीच्या वर, बुशिंग वेल्ड करून घेणे याहून पक्के. वेल्डिंग चेंबर लावलेले असताना करू नका.

रिटर्नवर कॉक बसवू नका. तो चुकून बंद राहिला तर फिल्टरच्या डब्यावर पूर्ण गॅलरीचा दाब येतो, थंड सुरुवातीला तो ६-७ बार असू शकतो.

---

पाना_सतरा

होज बसवण्याआधी ती आतून धुणे. हे काम सगळ्यांनाच नकोसे असते. होज कटिंग व्हीलने कापतात, आत रबराचा भुगा आणि पोलादाची पूड राहते. सप्लायमधली पूड छिद्र बुजवू शकते, पण पुढे फिल्टर तिला अडवतो. रिटर्न होजमधली पूड मात्र सरळ चेंबरमध्ये. म्हणून रिटर्न जास्त काळजीने धुवा. क्रिम्प झाल्यावर डिझेल ओतून दोन्ही टोकांनी हलवा, हवेने फुंका, फोमचा बोळा आरपार सोडा, पांढऱ्या फडक्यावर काळे डाग येणे थांबेपर्यंत. मग टोकांना टोप्या. टोप्या इंजिनाशी गेल्यावरच काढायच्या.

होज गाडीवर नेताना:

- होजवरची छापील रेघ सरळ दिसली पाहिजे. ती गोल फिरलेली दिसली तर नट आवळताना होज पिळली गेली. दोन पाने वापरा, एकाने फिटिंग धरा.
- होज ताठ ओढू नका. दाबाखाली आर१ ची लांबी साधारण चार टक्क्यांपर्यंत आखडू शकते.
- रबरी अस्तराच्या पी-क्लिप ३०० ते ४०० मिमीवर. पहिली क्लिप इंजिनावर, पुढची चॅसीवर, मधे मोकळा झोल.
- एक्झॉस्ट मॅनिफोल्ड आणि टर्बोपासून निदान १५० मिमी अंतर, नसेल तर स्लीव्ह.
- स्टेनलेस जाळी स्टार्टरच्या किंवा बॅटरीच्या केबलला टेकू देऊ नका. जाळी इन्सुलेशन कापते, जाळीला अर्थ मिळालेला असतोच, आणि ठिणगी तेलाच्या होजवरच पडते. जाळीवर नायलॉनचे आवरण चढवा आणि तरीही अंतर ठेवा.

---

टिपर_सहासिलिंडर

सप्लाय आर१४ ८ मिमी दोन मीटर, रिटर्न जे१५३२ ९.५ मिमी पावणेदोन मीटर, अडॅप्टरमध्ये १.५ मिमीचे छिद्र, रिटर्न झाकणात, असे ठरवतो. पहिल्यांदा चालू करताना काय बघायचे?

---

गॅलरीप्लग

रिटर्न पावणेदोन नको, दोन मीटर घ्या. तुम्ही मोजलेले दीड मीटर ड्रेन प्लगच्या बाजूने असेल, तर झाकणापर्यंत चढ वाढतो आणि ढिलाई वेगळी.

फिल्टरचा डबा उभा असेल तर बसवण्याआधी तेलाने भरा. आडवा असेल तर तेवढे तेल वेगळे मोजून ठेवा. होजमध्ये दोन्ही मिळून पाव लिटरच्या आतच तेल राहते, खरे तेल डबा पितो. इंजिन सुरू करून आयडलवर ठेवा, प्रेशर गेज आधीच्या आकड्यापासून हलले नाही ना ते बघा. पाच मिनिटांनी बंद करा, दहा मिनिटे थांबा, डिपस्टिक बघून भर घाला.

मग गाडी पूर्ण गरम करून रिटर्नचा नट झाकणापाशी सोडा आणि मापाच्या बाटलीत अर्धा मिनिट धरा, इंजिन आयडलवर. अर्धा ते पाऊण लिटरच्या आसपास आले तर छिद्र मोकळे आहे. थेंब थेंब आले तर छिद्रात काहीतरी अडकले आहे. आयडललाच दीड-दोन लिटर आले तर ग्रब स्क्रू जागेवर नाही, तेव्हा अडॅप्टर खोलूनच बघा. हा आकडा वहीत लिहा, पुढचे फिल्टर बदलताना त्याच्याशी ताडून बघता येईल.

पहिल्या भरलेल्या फेरीनंतर सगळे जोड हाताने पुसून बघा, गरज असेल तिथेच आवळा. जेआयसी पाझरत असेल तर जोर लावण्याआधी सोडून कोनावर कचरा किंवा ओरखडा आहे का ते बघा. जास्त आवळलेला कोन पुन्हा कधीच बसत नाही.